बॉनेटवरचं कुंकू

आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे. एक स्टोव्हचा, दुसरा गाडीचा. स्टोव्ह आधी. मी पंप मारायचे, पिन मारायचे, मग ज्योत निळी होऊन तो भणाणायला लागायचा आणि त्या आवाजात मायच्या बांगड्या, आबांचं खाकरणं, शेजारच्या कोंबड्या असं सगळं बुडून जायचं. मग आबा अंगणात जाऊन गाडीची किल्ली फिरवायचे. गाडी एका झटक्यात कधी उठली नाही. आधी कुरकुर, मग खोकला, मग सगळं अंग हलवून ती एकदाची चालू व्हायची, आणि भिंतीला टांगलेली पिठाची चाळणी थरथरायला लागायची. चाळणी थांबली की समजायचं, आबा गेले. त्यानंतर घर शांत व्हायचं, पण मला चैन पडायचं नाही. झाडलेलं अंगण मी परत झाडायचे, घासलेली भांडी परत घासायचे. संध्याकाळी चाळणी पुन्हा थरथरेपर्यंत माझा जीव असा या हातातून त्या हातात.

छावणी ओलांडून पडेगावकडे निघालं की डाव्या हाताला आमच्या दोन खोल्या होत्या. वर पत्रे, पुढे अंगण, अंगणात गाडी. पांढरी होती म्हणायची. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून आबांनी ती घेतली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य सरलेलं होतं. स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरणाऱ्या लोकांना आबा त्या गाडीतून वेरूळ, दौलताबाद दाखवून आणायचे, कुणाला पैठणला न्यायचे. लॉजचे मॅनेजर होते, त्यांना सगळे चाचाच म्हणायचे. भाडं त्यांच्याकडूनच यायचं. मोठी बहीण लग्न होऊन बिडकीनला गेलेली होती. घरात माय, आबा आणि मी.

मी चौथीनंतर घरी बसले. पाचवीची शाळा लांब होती आणि तेव्हाच माय आजारी पडली, तिच्यासोबत दवाखान्यात राहायला मीच. नंतर कुणी पुन्हा शाळेचं नाव काढलं नाही, मीही नाही. मला बोलायचीच भीती वाटायची. अंगणात चप्पल वाजली की मी दाराआड. एकदा बघायला पाहुणे आले. पाहुणीने नाव विचारलं, मी मान खाली घातली. परत विचारलं, तरी तेच. शेवटी मायनेच सांगितलं, शकुंतला. जाताना त्या बाईने अंगणात मायला हळूच विचारलं, "मुकी तर नाय ना पोरगी?" मी दाराआडूनच ऐकलं. त्या रात्री येसराची आमटी होती, माझी आवडती, पण घास फिरत राहिला. आबा म्हणाले, "बोलंल की. बोलायचं आसंल तवा बोलंल." पुढे बरेच दिवस मी त्या वाक्यावर काढले.

मायची एक सवय होती. खंडेनवमीला तर सगळेच गाडीची पूजा करतात, हार घालतात. आमची माय रोज करायची. आबा निघायच्या आधी ताटलीत ओलं हळद-कुंकू कालवून ती बॉनेटला लावायची. गाडीच्या मोठ्या काचेखाली, बॉनेटच्या वरच्या कडेला दोन बारकी पितळी बोंडं होती. बाकी उतरत्या पत्र्यावर कुंकू ओघळायचं, या बोंडांवर मात्र बसायचं, म्हणून तिचे टिळे तिथेच. एक इकडे, एक तिकडे. दाबून लावायची, अंगठ्याने. त्या बोंडांना बारीक भोकं आहेत, आत बटण दाबलं की त्यातून काचेवर पाणी उडतं आणि मग काचेवरचे दांडे ती पुसतात, हे मला आबांनी एकदा सांगितलं होतं. पण पाणी उडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आबांनी बटण दाबलं की बोंडांतून नुसती लाळ गळाल्यासारखं व्हायचं आणि काचेच्या खालच्या कडेला तांबूस ओघळ यायचा.

त्या वर्षी आबा फार चिडचिडे झाले. कशावर, तर काचेवर. सकाळी पेपर ओला करून पुसायचे, मग कोरड्याने पुसायचे, लांब जाऊन बघायचे, परत पुसायचे. म्हणायचे, समोरून लाईट आला की उजेड काचभर पसरतो, काहीच दिसत नाही. त्यांनी संध्याकाळची भाडी घेणं सोडलं. दिवस मावळायच्या आत गाडी अंगणात. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, फवारा चालत नाही, काच धुता येत नाही, अंधारात जोखीम कशाला. स्टेशनवरचे ड्रायव्हर त्यांना फवारेवाले म्हणायला लागले. आबा हसायचे आणि घरी येऊन बूट जोरात काढायचे. मेकॅनिकला दाखवा म्हटलं की म्हणायचे, बघू. ब्रेक जरा आवाज करायला लागला तर त्याच दिवशी गॅरेज गाठणारा माणूस, पण फवाऱ्याचं मात्र बघूच. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

एका रविवारी सकाळी चाचा त्यांच्या मोपेडवर आले. हातात इमरतीचा पुडा. चाचा असे, वाईट बोलायला आले तरी गोड घेऊन यायचे. खाटेवर बसून चहा घेतला, मायची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "क्या जी, फव्वारा हुआ क्या तुम्हारा?"

आबा म्हणाले, बघतो. चाचांनी कप खाली ठेवला. गिऱ्हाईकांना लेण्या सावकाश बघायच्या असतात, अंधार पडायच्या आत परत चला म्हणून घाई केलेली त्यांना आवडत नाही, असं ते समजावून सांगायला लागले. दुसरा एक जण नवी गाडी घेऊन रोज लॉजच्या दारात उभा राहतो. मालक विचारतात, याला का नाही देत. "मैं कब तक रोकूँ, भाई? कल का एक भाडा है, शाम तक का. होना तो बोलो, नहीं तो फिर वो छोकरा ही चलता रहेंगा." आबांनी दुपारपर्यंत सांगतो म्हटलं. चाचा गेल्यावर ते तसेच बसून राहिले. इमरतीच्या पुड्याला मुंग्या लागल्या तरी कुणी हात लावला नाही. लॉज गेलं म्हणजे गाडी अंगणात उभी राहणार, हे मलाही कळत होतं. आबांना दुसरं काही येत नव्हतं.

ते जेवून आडवे झाले, माय दळण घेऊन गेली. मला घरात बसवेना. मी आत-बाहेर केलं, आणि मग बॉनेट उचललं. आबांना उचलताना हजारदा पाहिलं होतं. आत एका कोपऱ्यात प्लास्टिकची बाटली, तिच्यातून रबराची नळी निघून पुढे दोन फाटे होऊन त्या बोंडांना खालून लागलेली. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. आणि मला एकदम हसू आलं. हा तर स्टोव्ह होता. खाली टाकी, मध्ये नळी, वर बारीक भोक. टाकीत आहे आणि वर येत नाही, म्हणजे एकतर खाली गाळ आहे, नाहीतर नळी कुठे चिरली आहे, नाहीतर वर भोक बुजलं आहे. स्टोव्ह बसला की मी रोज हेच बघायचे.

आधी एक फाटा बोंडाखालून ओढून काढला आणि पळत जाऊन आत बटण दाबलं. परत पळत येऊन पाहिलं तर इंजिनावर चांगलं थारोळं. म्हणजे पाणी इथवर येत होतं, अडत होतं ते बोंडात. तरी बाटलीही काढून पाहिली. तळाला आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे पापुद्रे बसले होते, हंड्याला बसतात तसे. चिंचेचा कोळ आणि मूठभर खडे घालून ती खळखळून धुतली. नळीचं एक टोक कडक होऊन तडकलं होतं, तेवढं विळीवर कापलं आणि गरम पाण्यात धरून मऊ करून परत बसवलं. मग स्टोव्हची पिन आणली. बोंडाच्या भोकात नुसतं टोक घातलं, जोर न लावता. जोर लावला तर तार आत मोडते आणि मग काहीच उपयोग नाही, हे स्टोव्हने शिकवलेलं. टोकाला लाल लागलं. अजून थोडं, अजून लाल. वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं कुंकू, वर्षांचं, थरावर थर. त्यावरही चिंच थापली, थांबले, परत पिन. शेवटी ओठ लावून फुंकर मारली आणि फुंकर पलीकडे गेली.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पाणी काचेवर पडलंच नाही. टपावरून उडून मागे मायने वाळत घातलेल्या कुरडयांवर गेलं. मी कपाळाला हात लावला. मग नीट पाहिलं तर बोंडात भोकाभोवती एक बारकी गोळी होती, पिनेने ती जरा वर, जरा खाली फिरायची. एकदा खाली केली तर पाणी पत्र्यावर. मी किती वेळा गाडीभोवती पळाले कोण जाणे. शेवटी दोन्ही धारा काचेच्या बरोबर मध्यावर, आबांच्या तोंडासमोर पडल्या. मी पुढे उभी राहून पाहिलं. माझं स्वतःचं काही असं, मी केलेलं, मी तोवर पाहिलं नव्हतं.

माझ्या मुलाची जुनी गाडी आहे आता. परवा तो म्हणाला, आई, समोरच्या काचेवर पाणी नीट उडत नाही, गॅरेजला टाकावी लागेल. मी म्हटलं, एक टाचणी दे. तो हसला. पण टाचणी दिली.

त्या रविवारी दुपार कलल्यावर चाचा उत्तर ऐकायला परत आले तेव्हा आबा त्यांना सांगत होते की फवाऱ्याचं काही जमत नाही. मी दाराआड होते. पुढे येऊन सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून मागच्या दाराने गाडीशी गेले, आत हात घालून बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. चाचा बॉनेटला टेकून, काचेकडे पाठ करून उभे होते. एक धार काचेवर, दुसरी त्यांच्या पाठीवर. ते उडालेच. मागे वळून त्यांनी काच पाहिली, मला पाहिलं, आणि भिजलेला शर्ट अंगापासून सोडवत खो-खो हसायला लागले. "अरे, ये तो होली खेल री है! कौन किया? बेटी की?" मी मान हलवली. आबा हसले नाहीत. त्यांनी एकदा काचेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चाचांना म्हणाले, "ठीक हाय. उद्याचं घेतो."

मला वाटलं होतं, ते मला शाबासकी देतील. ते गाडीभोवती एक चक्कर मारून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय धपाटे थापत होती. बोटांना पीठ तसंच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बी जा यांच्यासंगं. सोमवार हाय. घृष्णेश्वराला बेल वाहून ये."

मी म्हटलं, मी कशाला, गिऱ्हाईक काय म्हणेल. ती थोडा वेळ थापतच राहिली. मग म्हणाली, "तो फवारा बंद व्हता तेच बरं व्हतं गं."

"का?"

"काच नाय ती. डोळे हायेत त्यांचे." तिने धपाटं तव्यावर टाकलं. "मला काय दिसत नाय व्हय? दिवाळीपासून ताटातली चटणी हातानं चाचपून खातेत."

मी म्हटलं, मग चाचाला सांग. ती म्हणाली, "काय सांगू? डायव्हरला दिसत नाय म्हणून?" स्टोव्ह भणाणत होता. मला तो बंद करावासा वाटला, पण तवा वर होता.

गिऱ्हाईक म्हणजे एक म्हातारं जोडपं होतं, लांबून आलेलं, चांगलं बोलणारं. मी पुढच्या सीटवर दाराला चिकटून बसले, मांडीवर बेलाची पिशवी. जाताना काही वाटलं नाही. दिवसा आबांना तो रस्ता पाठ होता. पण बाईंचे गुडघे दुखत होते, त्या प्रत्येक लेणीसमोर बसायच्या, आणि बसल्या की काहीतरी बघत राहायच्या. आबा गाडीशी येरझाऱ्या घालत होते. मी देवळात जाऊन आले, धपाटे खाल्ले, परत देवळात जाऊन आले. सूर्य खाली खाली चालला. मला त्या बाईंचा राग आला, त्या लेण्यांचाही आला.

खुलताबाद मागे पडेपर्यंत उजेड गेला. घाटाच्या तोंडाशी समोरून पहिला लाईट आला आणि आबांचे खांदे वर झाले. त्यांनी बटण दाबलं. दोन्ही धारा उडाल्या, दांडे फिरले. परत दाबलं. मला पुढे स्वच्छ दिसत होतं, कडेने विनालाईटचा एक सायकलवाला चालला होता, मागे चाऱ्याचा भारा बांधलेला. आबा वेग कमी करत नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना सायकल दिसलीच नव्हती.

"आबा, सायकल."

माझाच आवाज मला परका वाटला. आबांनी ब्रेक लावला, सायकल कडेने निघून गेली. पण आता मला गप्प राहता येईना. वळण हाय, म्हटलं. डाव्या अंगाला दगड पडलेत, म्हटलं. समोरून जीप येतीय, जागा हाय, जाऊ द्या. मेंढरं हायेत कडेला, दोन कुत्रे हायेत, एक मधी आलंय, गेलं. गाडी बैलगाडीच्या चालीने उतरत होती. मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आधी हळू बोलत होते, मग तेही विसरले. मागून बाई कौतुकाने म्हणाल्या, "मुलगी फार बोलकी आहे हो तुमची."

आबा म्हणाले, "व्हय. लई बोलती."

दौलताबादच्या घाटात खाली तो जुना दगडी दरवाजा लागतो. एका वेळी एकच गाडी जाते. आम्ही त्याच्या जवळ आलो आणि पलीकडून लाईट आला, सगळी कमान पेटल्यासारखी. आबांनी बटण दाबलं. धारा उडाल्या, काच धुतली. परत दाबलं. परत. इतकी स्वच्छ काच त्या गाडीला मी कधी पाहिली नव्हती, कमानीचा दगड अन् दगड दिसत होता. मी काल किती वेळ खपून ती अशी केली होती. आबा मात्र पुढे वाकून दाबतच राहिले, बाटलीतलं पाणी संपेपर्यंत, बटण नुसतं खटखट करेपर्यंत. मग त्यांनी हात काढला आणि अगदी हळू, माझ्यापुरतं विचारलं, "शकू, पुढं काय हाय?"

"ट्रक हाय आबा. दरवाजातून येतोय. थांबा तुम्ही. अजून येतोय. गेला." मग, "आता चला. उजवीकडं भिंत हाय, जरा डावीकडं. अजून. सरळ. सरळच ठेवा."

आम्ही दरवाजातून निघालो. माझ्या मुठीत बेलाची पिशवी पार चुरगळली होती. पुढे मिटमिटा, पडेगाव, आमच्या घरावरून गाडी गेली तेव्हा माय कंदील घेऊन अंगणाच्या तोंडाशी उभी होती. मी आबांना सांगितलं, माय उभी हाय. ते म्हणाले, ते दिसलं. स्टेशनपर्यंत आणि तिथून घरापर्यंत मी बोलतच होते. चार जिवांचा प्रश्न होता, हे आज कळतं. तेव्हा विचार करायला वेळच नव्हता, रस्त्यावर सारखं काही ना काही होतं.

रात्री जेवायला बसलो. आबांच्या ताटात मायने चटणी बोटाला लागेल अशी ठेवली.

सकाळी स्टोव्ह पेटला, चहा झाला. माय हळद-कुंकवाची ताटली घेऊन बाहेर गेली, मी मागे. ती बॉनेटपाशी थबकली. मग तिने बॉनेटच्या मध्ये, मोकळ्या पत्र्यावर एक टिळा लावला. तो ओघळायला लागला. आबा खाटेवर बसून बूट घालत होते. म्हणाले, "तिथं नगं. न्हेमीच्या जागी लाव."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. ते उठून आले. बोंडं चाचपून त्यांनी तिचा हात धरला आणि तिथे टेकवला. तिने दाबून लावलं, अंगठ्याने, एक इकडे, एक तिकडे. त्या भोकांतून आत जाणारं कुंकू मी पाहत होते. माझी रविवारची सगळी मेहनत होती ती. मला वाईट वाटलं नाही. तिचा हात पुरेना तेव्हा ताटली मी धरली. त्या भोकांचं तिला आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

थोड्या वेळाने चाचा आले, हसतच, म्हाताऱ्या जोडप्याने फार कौतुक केलं म्हणून सांगायला. त्यांच्याकडे आज संध्याकाळचं आणखी एक भाडं होतं. आबा म्हणाले, फवारा परत बिघडला. चाचांनी बॉनेटकडे पाहिलं. दोन्ही टिळे ओले होते, एकातून थेंब खाली येत होता. मग त्यांनी आबांकडे पाहिलं, आणि त्या वेळी आबा त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्या जरा बाजूला, मोपेडच्या आरशावर चमकणाऱ्या उन्हाकडे डोळे बारीक करून बघत होते. चाचांचं हसू हळूहळू गेलं. मी दाराआड नव्हते, पायरीवर उभी होते. मीच म्हटलं, "चाचा, सकाळची भाडी द्या. मी जाते संगं."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. मग मोपेडचं स्टँड काढत म्हणाले, "हौ बेटी. पुरानी गाडी है. सुबह का ही ठीक है."

पुढे दवाखान्याच्या शिबिरात आबांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, पण त्याला बराच वेळ लागला. तोवर रोज चाळणी थरथरली की मी पिन खिळ्याला अडकवायचे आणि पुढच्या सीटवर जाऊन बसायचे.